निवासी व्यसनमुक्ती उपचार म्हणजे नेमकं काय? किती दिवस, कोणासाठी आणि परत आल्यावर काय?

बुलडाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी सोनाळा हे गाव आहे. संत सोनाजी महाराजांचं मंदिर आणि जवळचं अंबाबरवा अभयारण्य ही या गावाची ओळख. पलीकडे मध्य प्रदेशची हद्द सुरू होते. कपाशी, सोयाबीन आणि तुरीच्या या पट्ट्यात घरातल्या कर्त्या माणसाला दारूचं व्यसन लागलं, तर कुटुंबाला पहिला सल्ला मिळतो तो ठरलेला असतो: "त्याला केंद्रात टाका."

केंद्रात टाकायचं म्हणजे नेमकं कुठे? तिथे काय करतात? तीन महिने माणूस घराबाहेर राहिला तर पेरणी कोण करणार? तो तयार नसेल तर बळजबरीने नेता येतं का? आणि एवढं करूनही परत आल्यावर त्याने पुन्हा प्यायला सुरुवात केली तर?

या प्रश्नांची उत्तरं माहीत नसल्यामुळे अनेक कुटुंबं कर्ज काढून चुकीच्या ठिकाणी पोहोचतात. काही तर उपचार सुरू होण्याआधीच आशा सोडून देतात. म्हणून निवासी उपचाराची ही सविस्तर माहिती.

व्यसन हा आजार का मानतात?

"मनावर घेतलं तर सुटेल" हे वाक्य प्रत्येक व्यसनी माणसाने ऐकलेलं असतं. त्याने स्वतःलाही ते शंभरदा सांगितलेलं असतं. तरीही सुटत नाही.

दारू, गर्द किंवा गांजा यांच्या सततच्या सेवनाने मेंदूचं काम बदलत जातं. आनंद, सवय आणि स्वतःवरचा ताबा सांभाळणाऱ्या भागांवर परिणाम होतो. आधी जेवढ्या दारूने नशा यायची तेवढी पुढे पुरत नाही. ती मिळाली नाही तर हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. नुकसान डोळ्यांसमोर दिसत असतानाही माणूस थांबू शकत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात व्यसनाधीनतेचा समावेश आहे.

आपल्याकडे हा प्रश्न किती मोठा आहे? दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल 2019 साली आला. 10 ते 75 या वयोगटातले सुमारे 16 कोटी लोक दारू पितात, असं त्यात आढळलं. पिणारा प्रत्येक जण व्यसनी नसतो. पण त्यातल्या सुमारे पावणेसहा कोटी लोकांना मदतीची गरज असल्याचं अहवाल सांगतो.

त्याच अहवालातला आणखी एक आकडा जास्त अस्वस्थ करणारा आहे. दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांमागे फक्त एकाला कुठल्या ना कुठल्या प्रकारचे उपचार मिळाले होते. दाखल होऊन उपचार घेतलेल्यांचं प्रमाण 180 जणांमागे एक इतकंच होतं.

निवासी उपचारात काय काय होतं?

निवासी उपचार म्हणजे माणसाला कोंडून ठेवणं नव्हे. व्यसन जिथे रुजलं ते वातावरण, ती संगत आणि रोजची ती वेळ यांपासून काही काळ दूर राहून, दारूशिवाय दिवस कसा घालवायचा हे नव्याने शिकणं म्हणजे निवासी उपचार. त्याचे साधारण चार टप्पे असतात.

पहिला टप्पा: शरीरातून नशा उतरवणं

याला डिटॉक्स म्हणतात. साधारण एक ते दोन आठवडे लागतात. हा टप्पा पूर्णपणे वैद्यकीय असतो आणि तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवा.

बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू अचानक बंद झाली तर जिवाला धोका असतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास होऊ लागतात, वेळ-ठिकाण कळेनासं होतं, ताप चढतो, शरीर जोरात थरथरतं. याला 'डेलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर यात मृत्यू होऊ शकतो. गावात अनेकदा याला 'बाहेरची बाधा' समजून माणसाला भलतीकडेच नेलं जातं आणि मोलाचे तास वाया जातात.

दवाखान्यात ही लक्षणं आटोक्यात ठेवणारी औषधं देऊन हळूहळू कमी करतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व देतात. पिणाऱ्यांच्या शरीरात त्याची कमतरता असते आणि ती दुर्लक्षित राहिली तर स्मरणशक्तीचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

गर्द किंवा अफूच्या प्रकारातल्या इतर नशा सोडताना अंगदुखी, जुलाब, उलट्या, नाक-डोळ्यांतून पाणी, झोप नाही असा त्रास होतो. गर्दवाल्यांच्या बोलीत याला 'टर्की' म्हणतात. त्यावरही औषधं आहेत. हा त्रास निमूटपणे सोसायलाच हवा असं नाही.

दुसरा टप्पा: नवी दिनचर्या

डिटॉक्स म्हणजे उपचार संपले, असा मोठा गैरसमज आहे. आठ-दहा दिवसांत माणूस जेवू-झोपू लागतो, चेहरा टवटवीत दिसतो. घरच्यांना वाटतं, बरा झाला. तो स्वतःही म्हणतो, "आता मी ठीक आहे, घरी न्या." खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

चांगल्या केंद्रात दिवस बांधलेला असतो. पहाटे उठणं, व्यायाम किंवा योग, ठरावीक वेळी जेवण, सफाई किंवा स्वयंपाकातला वाटा, समूहचर्चा, समुपदेशकाशी एकट्याने बोलणं, वाचन, खेळ, गाणी. वरवर पाहता यात काही खास दिसत नाही. पण ज्याचा दिवस कित्येक वर्षं पहिल्या घोटापासून सुरू होत होता, त्याच्यासाठी ठरलेल्या वेळी अंघोळ करून नाश्ता करणं हासुद्धा उपचारच असतो.

समूहचर्चा हा या टप्प्याचा गाभा. व्यसनी माणूस घरच्यांना थापा मारू शकतो, डॉक्टरांनाही मारू शकतो. पण समोर बसलेल्या वीस जणांनी त्याच थापा स्वतः मारलेल्या असतात. "मी काही रोज पीत नाही", "बायकोमुळे पितो", "मी कधीही सोडू शकतो" ही वाक्यं तिथे टिकत नाहीत. आणि आपल्यासारखेच इतरही आहेत हे कळल्यावर मनातली लाजही थोडी कमी होते.

व्यसनाखाली दडलेले नैराश्य, चिंता किंवा इतर मानसिक आजार याच काळात लक्षात येतात. त्यांच्यावर मानसोपचारतज्ज्ञाकडून वेगळे उपचार लागतात. ते झाले नाहीत तर माणूस पुन्हा नशेकडे वळण्याची शक्यता वाढते.

तिसरा टप्पा: कुटुंब

घरात एक जण पितो तेव्हा सगळं घर त्या भोवती फिरायला लागतं. आई उधारी फेडते, बायको साहेबांना खोटं कारण सांगते, मुलं आवाज न करता वावरतात. माणूस परत येतो तो याच घरात. म्हणून केंद्रं कुटुंबीयांना ठरावीक दिवशी बोलावतात, व्यसनाची माहिती देतात, काय करायचं आणि काय करायचं नाही हे सांगतात.

मुख्य म्हणजे बायकोला आणि आईला हेही सांगितलं जातं की हे व्यसन तुमच्यामुळे लागलेलं नाही. पुष्कळ बायकांनी आयुष्यात पहिल्यांदाच हे कोणाच्या तरी तोंडून ऐकलेलं असतं.

चौथा टप्पा: पाठपुरावा

केंद्रातून बाहेर पडल्यावर पहिले काही महिने सर्वात धोक्याचे असतात. ठरलेल्या तारखांना तपासणी, औषधं, समुपदेशकाचा फोन आणि व्यसनमुक्त झालेल्यांच्या गटाची बैठक यांतलं काहीच नसेल, तर आधीची मेहनत लवकर वाहून जाते.

किती दिवस राहावं लागतं?

याचं एकच उत्तर नाही. 28 दिवस, 35 दिवस, तीन महिने, सहा महिने, वर्षभर असे वेगवेगळे कार्यक्रम जगभर चालतात. यामागे इतिहास आहे.

1935 साली अमेरिकेत दारू सोडू पाहणाऱ्या दोघांनी 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस', म्हणजे एए हा गट सुरू केला. त्यातल्या बारा पायऱ्यांची पद्धत पुढे मिनेसोटा राज्यातल्या हेझल्डन या केंद्राने डॉक्टर आणि समुपदेशकांच्या मदतीला जोडली. हे केंद्र 1949 साली सुरू झालं. साधारण 28 दिवसांचा कार्यक्रम तिथून जगभर पसरला.

दुसरी परंपरा जास्त काळ एकत्र राहण्याची आहे. 1958 साली कॅलिफोर्नियात 'सिनॅनॉन' नावाची वसाहत सुरू झाली. व्यसनी लोक एकत्र राहायचे, काम करायचे आणि एकमेकांना जाब विचारायचे. यातूनच 'थेरप्युटिक कम्युनिटी', म्हणजे उपचारासाठीचा सहनिवास ही कल्पना पुढे आली. अशा ठिकाणी लोक सहा महिने ते वर्षभर राहतात. पण खुद्द सिनॅनॉन पुढे एका माणसाच्या मर्जीवर चालणारा हिंसक पंथ बनला आणि 1991 साली बंद पडला. बाहेरून कोणाचीही नजर नसलेलं बंदिस्त केंद्र कुठवर जाऊ शकतं, याचं ते जुनं उदाहरण आहे.

आज तज्ज्ञांचा साधारण कल असा आहे: उपचारांशी माणूस एकूण किती काळ जोडलेला राहिला, हे खाटेवरच्या दिवसांपेक्षा महत्त्वाचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 90 दिवसांपेक्षा कमी काळाच्या उपचारांचा प्रभाव मर्यादित असतो. पण हे 90 दिवस सगळे केंद्रातच काढायला हवेत असं नाही. महिनाभर निवासी आणि पुढे वर्षभर नियमित पाठपुरावा, हेही दीर्घ उपचारच झाले.

महाराष्ट्रात हे कसं सुरू झालं?

1980 च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने धुमाकूळ घातला होता. पत्रकार आणि लेखक डॉ. अनिल अवचट यांनी या विषयावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि यावर काम उभं राहावं म्हणून त्यांनी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. अनिल अवचट यांच्या पत्नी डॉ. अनिता (सुनंदा) अवचट पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारात 29 ऑगस्ट 1986 रोजी 'मुक्तांगण' सुरू झालं.

मुक्तांगणने दोन गोष्टी महाराष्ट्राला दाखवल्या. पहिली, व्यसनी माणसाला गुन्हेगार न समजता आपुलकीने वागवूनही शिस्त लावता येते. दुसरी, व्यसनातून बाहेर पडलेला माणूसच नव्या रुग्णाचा उत्तम समुपदेशक होऊ शकतो. इथला निवासी उपचार 35 दिवसांचा म्हणून ओळखला जातो. कुटुंबीयांचा सहभाग आणि बाहेर पडल्यानंतरचा पाठपुरावा हे त्याचेच भाग आहेत. डॉ. सुनंदा अवचट यांचं 1997 साली निधन झालं. त्यानंतर त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी कामाची धुरा घेतली. 2009 साली स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग सुरू झाला. बाईचं व्यसन घरात लपवलं जातं आणि तिला उपचारांना आणणारंही कोणी नसतं, म्हणून अशा विभागाची गरज होती.

त्याआधी, 1981 साली मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी 'कृपा फाउंडेशन' सुरू केलं होतं. ते योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. एएच्या बारा पायऱ्यांना त्यांनी योगाची जोड दिली. या कामासाठी 2009 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

विदर्भात वेगळा प्रयोग गडचिरोलीत झाला. 1993 पासून दारूबंदी असलेल्या या जिल्ह्यात 2016 साली डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने 'मुक्तिपथ' हे अभियान सुरू झालं. माणसाला दूरच्या शहरात पाठवण्याऐवजी तालुक्याच्या ठिकाणी क्लिनिक आणि गावातच शिबिर, असा त्याचा एक भाग आहे. सोनाळ्यासारख्या गावांसाठी ही कल्पना लक्षात ठेवण्यासारखी आहे. हंगामात महिनाभर गाव सोडणं ज्याला परवडत नाही, त्याच्यापर्यंत उपचारांनीच जायला हवं.

प्रत्येकाला दाखल व्हावंच लागतं का?

नाही. अनेकांवर बाह्यरुग्ण विभागातून, म्हणजे घरी राहूनच उपचार होऊ शकतात. दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन किंवा अ‍ॅकॅम्प्रोसेटसारखी औषधं आहेत. गर्द आणि अफूच्या व्यसनात ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध दीर्घकाळ घेणं हाच अनेकदा सर्वात सुरक्षित मार्ग असतो. "एका नशेच्या जागी दुसरी नशा" म्हणून त्याला नाकं मुरडली जातात. पण डॉक्टरांच्या देखरेखीखालचं हे औषध जीव वाचवतं.

पुढील परिस्थितीत मात्र दाखल होण्याचा विचार करावा:

• आधी दारू सोडताना फिट आली होती किंवा भास झाले होते.
• यकृत, हृदय किंवा इतर गंभीर आजार आहे.
• आत्महत्येचे विचार येतात किंवा तसा प्रयत्न झाला आहे.
• घरी राहून केलेले प्रयत्न वारंवार फसले आहेत.
• घरात किंवा शेजारीच दारू मिळते, सांभाळणारं कोणी नाही.

बळजबरीने नेता येतं का? कायदा काय सांगतो?

'मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017' हा 29 मे 2018 पासून लागू आहे. दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाशी संबंधित मानसिक स्थिती त्याच्या कक्षेत येते. त्यातल्या काही गोष्टी प्रत्येक कुटुंबाला माहीत हव्यात.

स्वतःहून दाखल झालेला माणूस स्वतःहून बाहेर पडू शकतो. हा त्याचा हक्क आहे. काही विशिष्ट कारणं असतील तर डॉक्टर त्याला 24 तासांपर्यंत थांबवून तपासणी करू शकतात.

संमतीशिवाय दाखल करण्याला अटी आहेत. माणसाने स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा धोका असेल, किंवा त्याला स्वतःची काळजी घेणंच अशक्य झालं असेल, तरच नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करता येतं. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एका तज्ज्ञाने किंवा डॉक्टरने स्वतंत्रपणे तपासणी करायला हवी. ही मुदत 30 दिवसांपर्यंत. त्यापुढे ठेवायचं तर दोन मानसोपचारतज्ज्ञांची तपासणी आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची मंजुरी लागते. म्हणजे "घरच्यांनी सही केली, आता सहा महिने तो आमच्या ताब्यात" असं कुठल्याही केंद्राला म्हणता येत नाही.

साखळीने बांधणं आणि एकांतवासात डांबणं यांना कायद्याने बंदी आहे. मारहाण तर गुन्हाच आहे. ती 'उपचाराचा भाग' कधीच नसते. नोंदणीशिवाय केंद्र चालवल्यास पहिल्या वेळी 5,000 ते 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुढच्या वेळी तो वाढत जातो.

अमली पदार्थांबाबत आणखी एक तरतूद आहे. 1985 च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम 64-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातल्या पदार्थाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेतलं जाऊ शकतं.

केंद्र निवडण्याआधी विचारायचे प्रश्न

रंगीत फलक, सोशल मीडियावरच्या जाहिराती आणि "100 टक्के खात्री" हे शब्द पाहून निर्णय घेऊ नका. प्रत्यक्ष जाऊन हे विचारा:

1. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? प्रमाणपत्र दाखवा.
2. मानसोपचारतज्ज्ञ कोण? ते किती वेळा येतात? रात्री फिट आली तर कुठे नेणार?
3. दिवसाचं वेळापत्रक काय?
4. रुग्णाला घरच्यांशी फोनवर बोलता येतं का? भेटीचे दिवस कोणते?
5. राहण्याची, जेवणाची, स्वच्छतागृहाची जागा आत जाऊन पाहता येईल का?
6. एकूण खर्च किती? औषधं आणि तपासण्या त्यात धरल्या आहेत का? पावती मिळते का?
7. बाहेर पडल्यानंतर पाठपुरावा किती महिने, कसा?

"रुग्णाला महिनाभर भेटू नका, फोनही करू नका", "आम्ही गाडी पाठवून रात्री उचलून आणतो", "आत कोणाला सोडत नाही" असं कोणी सांगत असेल तर तिथून परत फिरा. चांगल्या केंद्राला दार उघडं ठेवायची भीती वाटत नाही.

"नकळत दारू सोडवा" या जाहिरातींचं काय?

चहात किंवा भाजीत पूड मिसळा, त्याला कळणारही नाही, अशा जाहिराती गावोगावी दिसतात. असल्या पुड्यांमध्ये नेमकं काय असतं याचा भरवसा नसतो. काही वेळा लोक मेडिकलमधून डायसल्फिराम आणून नकळत देतात. हे खरं औषध आहे, पण ते घेतलेलं असताना दारू पोटात गेली तर उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणं असा त्रास होतो आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून हे औषध रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या तपासणीनंतरच देतात.

घरी परत आल्यावर

केंद्रात दारू न पिणं त्या मानाने सोपं असतं. परीक्षा सुरू होते ती एसटीतून गावच्या फाट्यावर उतरल्यावर. तोच पार, तेच मित्र, कापूस विकल्यावर हातात आलेले तेच पैसे. लग्नसराई आणि पोळ्याला होणारा तोच आग्रह: "अरे, आजच्या दिवस घे."

केंद्रांमध्ये चार धोक्याच्या घंटा शिकवतात: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. यांपैकी काही जाणवलं की आधी त्यावर उपाय करायचा. कुटुंबाने काय करावं?

• घरात दारू ठेवू नये. पाहुण्यांसाठीही नाही.
• पहिले काही महिने मोठी रक्कम एकट्याच्या हाती न देता व्यवहार दोघांनी मिळून पाहावा. हे त्याच्याशी बोलून, त्याच्या संमतीने ठरवावं.
• जुन्या चुका रोज उगाळू नयेत. पण मारहाण सहन करायचीही गरज नाही. हिंसा झाल्यास 112 वर पोलिसांना किंवा 181 या महिला हेल्पलाइनला फोन करावा.
• औषधं आणि तपासणीच्या तारखा शेतीच्या कामाइतक्याच महत्त्वाच्या मानाव्यात.
• गावाने 'बेवडा' हे नाव सोडून द्यावं. काम द्यावं, बैठकीत बोलवावं.

आणि तो पुन्हा प्यायला तर? व्यसनातून बरे होणाऱ्यांपैकी 40 ते 60 टक्के लोक कधी ना कधी घसरतात, असा अंदाज अमेरिकेची तीच संशोधन संस्था देते. रक्तदाब किंवा दम्याच्या रुग्णांमध्ये औषध-पथ्य सुटून त्रास उलटण्याचं प्रमाणही जवळपास तेवढंच असतं. रक्तदाब वाढला म्हणून कोणी रुग्णाला "तू सुधारणार नाहीस" म्हणत नाही. डॉक्टरकडे नेतो. इथेही तेच करायचं. जितक्या लवकर पुन्हा उपचारांशी जोडलं जाईल, तितकं चांगलं.

गर्द आणि अफूच्या बाबतीत मात्र एक धोका आवर्जून लक्षात ठेवायला हवा. काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती कमी होते. केंद्रातून बाहेर आल्यावर आधीच्याच प्रमाणात घेतलं तर ओव्हरडोसने मृत्यू होऊ शकतो.

सोनाळ्याहून सुरुवात कुठून करायची?

सुरुवात पुण्या-मुंबईपासून करायची गरज नाही.

पहिलं पाऊल: जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवा. आशा सेविकेला विचारा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक कुठे आणि कधी येतं, याची माहिती तिथे मिळते.

दुसरं पाऊल: बुलडाण्याचं जिल्हा रुग्णालय किंवा अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. माणसोपचार विभागात तपासणी झाली की घरी राहून उपचार पुरतील की दाखल व्हावं लागेल, हे ठरतं. विदर्भासाठी नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला सरकारी मानसोपचार संस्थांमध्ये मोफत उपचारांचा हक्क आहे, हातात कार्ड असो वा नसो.

तिसरं पाऊल: निवासी केंद्र हवं असेल तर केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांची चौकशी करा. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारता येतं. दूरच्या केंद्रात जायचं असेल तर आधी फोन करून जागा आहे का आणि सोबत कोणती कागदपत्रं हवीत हे विचारा. रेल्वेसाठी शेगाव हे सोयीचं मोठं स्थानक आहे.

फोनवर मदत: 14446 ही व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. 14416 ही 'टेलिमानस' ही मानसिक आरोग्याची सेवा 2022 पासून सुरू आहे. दोन्ही मोफत आहेत. कुटुंबीयही फोन करू शकतात. व्यसनी माणूस तयार होईपर्यंत थांबायची गरज नाही.

फिट येणं, भास होणं, शुद्ध हरपणं किंवा आत्महत्येची भाषा यांपैकी काही असेल, तर यातली कुठलीच पायरी मोजत बसू नका. 108 ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा.

तो नाहीच म्हणत असेल तर?

बहुतेक जण पहिल्यांदा नाहीच म्हणतात. पिऊन आल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. सकाळी, शुद्धीत असताना, ज्याचा शब्द तो मानतो अशा एकाच माणसाने बोलावं. तो मामा असेल, शाळेतले जुने गुरुजी असतील किंवा स्वतः दारू सोडलेला गावातलाच कोणी असेल. "कायमची सोड" असं म्हणण्याऐवजी "एकदा डॉक्टरांना तब्येत दाखवून येऊ" एवढंच म्हणावं. पोटदुखी, कावीळ, हाताचा कंप अशा कारणाने दवाखान्यात गेलेला माणूस तिथून व्यसनाच्या उपचारांपर्यंत पोहोचतो, हे अनेकदा घडतं.

तोवर घरच्यांनी स्वतःसाठी मदत घ्यावी. पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' नावाचे गट आहेत आणि समुपदेशक कुटुंबीयांशी वेगळं बोलतात. घरचं वागणं बदललं की पिणाऱ्याचा पवित्राही बदलू शकतो. त्याने "हो" म्हटलं, तर मात्र उशीर करू नका. कुठे जायचं, कोण सोबत येणार, शेताकडे आणि गुरांकडे कोण पाहणार, हे आधीच ठरलेलं असावं. तो "हो" कधी कधी एका सकाळीपुरताच असतो.